नखरे करणाऱ्या पोरांना बुफेला न्यायचंय? ताटाची डावी बाजू वापरा

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्याकडे सांगलीहून भाचा येतो आणि मग एक दिवस तरी सगळ्यांनी मिळून बाहेर मोठं जेवायला जायचं हे ठरलेलंच असतं. यंदा नवऱ्याने पुण्यातल्या नगर रोडच्या बाजूच्या एका मोठ्या हॉटेलातला रविवारचा बुफे ठरवला, सुशी, डिमसम, थाई, लेबनीज, कोरियन, सगळं एका छताखाली. आणि खाणारी मंडळी कोण, तर साडेचार वर्षांची धाकटी जिचं जग वरणभात-तूप, गूळपोळी आणि पांढरा पास्ता एवढ्यात संपतं, सात वर्षांचा थोरला जो पोह्यांतली कोथिंबीर चिमटीने वेचून ताटाच्या कडेला लावत बसतो, आणि नऊ वर्षांचा भाचा ज्याला चिकन नसेल तर भूकच नसते. शिवाय सासूबाई, शुद्ध शाकाहारी. तरीही तो दिवस छान गेला, कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही, आणि धाकटीने तीन नवीन गोष्टी तोंडात घातल्या. त्यातली एक थुंकली, पण घातली तर खरी. म्हणून म्हटलं काय काय केलं ते सविस्तर लिहावं, सुट्टीत बऱ्याच घरांत हाच प्रश्न असतो.

आधी काय चुकलं होतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी गोव्याला गेलो होतो तेव्हा एका हॉटेलच्या बुफेत थोरल्याच्या ताटात आम्हीच सगळं वाढून आणलं, कोळंबी, बेक केलेला मासा, मश्रूम, असं भरगच्च, आणि मग सुरू झालं, एक घास खा, एकच घास, एवढे पैसे दिलेत, बघ ती बाजूची ताई कशी खाते. त्याने रडत रडत कोळंबी तोंडात घातली आणि पुढच्याच क्षणाला उलटी. त्यानंतर जवळजवळ वर्षभर घरात कोळंबी शिजत असली की तो स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हता. त्या दिवशी पैसे वसूल करायच्या नादात आम्ही एक पदार्थ त्याच्यापासून वर्षभरासाठी लांब नेला. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, नखरे करणाऱ्या मुलाला बुफेला खायला न्यायचं नाही, बघायला न्यायचं. खाल्लं तर आनंदच आहे, नाही खाल्लं तरी पैसे फुकट गेलेले नसतात.

हे नुसतं माझं वाटणं नाहीये. साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये नवीन पदार्थाची भीती सगळ्यात जास्त असते, तो वाढीचाच एक टप्पा आहे, लाडावलेपण नाही. एखादा नवीन पदार्थ मूल स्वीकारेपर्यंत तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, आणि आपण दोन-तीनदा देऊन बघतो आणि "याला नाही आवडत" असा शिक्का मारून मोकळे होतो. शिवाय काही मुलांना कडू चव जन्मतःच जास्त जाणवते, त्यामागे जनुकं असतात, त्यामुळे ब्रोकोली किंवा मेथी आपल्याला लागते त्यापेक्षा त्याला खरंच जास्त कडू लागत असू शकते. तो नाटक करत नसतो. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक वाटणी सांगितली आहे ती मी फ्रिजवर लिहून लावलीये: काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसून खायचं हे आईवडिलांनी ठरवायचं, आणि खायचं की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचं. बुफेत ही वाटणी आपोआप होते. तिथे पदार्थ चमचाभर घेता येतो, नको असेल तर दुसरा घेता येतो, आणि कुणी "तुझ्यासाठी मुद्दाम केलंय" म्हणून डोळे वटारत नाही.

आता ताटाच्या डाव्या बाजूबद्दल, कारण आमचं सगळं गाडं त्यावरच चाललं. आपल्याकडे पान वाढताना डावीकडे काय असतं, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भात. डावीकडचं सगळं बोटभर असतं, चवीपुरतं, चटणी संपवली नाहीस म्हणून कुणी कुणाला रागवत नाही. मुलांना ही रचना माहितीच असते, रोज बघतात, फक्त आपण कधी तोंडाने सांगत नाही. तर आम्ही नियम केला की ओळखीचं सगळं उजवीकडे आणि मधे, हवं तेवढं, पोटभर. नवीन सगळं डावीकडे, चटणीएवढं. डावीकडचं खाल्लंच पाहिजे असं नाही. बघायचं, वास घ्यायचा, वाटलं तर जीभ लावायची, वाटलं तर घास घ्यायचा. आणि नाही आवडलं तर पेपर नॅपकिनमध्ये हळूच काढून ठेवायचं, ईईई करायचं नाही, कारण बाजूच्या टेबलावरचे काका तेच खात असतात.

सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. पानात टाकायचं नाही हे त्यांच्या अंगात भिनलंय आणि मला ते बरोबरच वाटतं. पण चटणीएवढं उरलं तर ते किती उरतं? "आई, अर्धा चमचा वाया गेला तरी चालेल, वाटीभर वाढून जबरदस्ती नको," असं मी आदल्या दिवशीच त्यांच्याशी बोलून ठेवलं. हे आदल्या दिवशी बोलणं फार महत्त्वाचं आहे बरं का, टेबलावर बसून मोठ्या माणसांचं एकमत होत नसतं, आणि आई एक म्हणते, आजी दुसरं म्हणते, बाबा तिसरंच म्हणतात हे पोरांना बरोबर कळतं.

तयारी आठवडाभर आधी सुरू करायची. आम्ही आधीच्या रविवारी थाळीला गेलो, आपटे रोडच्या श्रेयसला. टिळक रोडचं दुर्वांकुर किंवा डेक्कनचं सुकांताही चालेल, मुद्दा हा की थाळीत वाढपी पुन्हा पुन्हा येतात आणि मुलाला स्वतःच्या तोंडाने "थोडंसं", "नको", "बास" म्हणावं लागतं. बुफेत नेमकं हेच लागतं. धाकटी पहिल्यांदा गप्प बसून माझ्याकडे बघत होती, मी काही बोलले नाही, चौथ्यांदा वाढपीकाका आले तेव्हा तिने ताटावर हात आडवा धरून "बास काका" म्हटलं आणि मग पुढची दहा मिनिटं तिला कुणीतरी यावं आणि आपण बास म्हणावं हाच खेळ झाला. ज्या मुलाला नको म्हणता येतं आणि ते ऐकलं जातं, ते मूल थोडंसं द्या असंही म्हणतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरं, मंडईत नेलं. महात्मा फुले मंडईत, सकाळी, गर्दी व्हायच्या आत. ब्रोकोली, लाल-पिवळी सिमला मिरची, मश्रूम, बेबी कॉर्न, अव्होकाडो, एकेक नग हातात घेऊन बघितला. घरी आणून लगेच खायला लावायचं नाही, टोपलीत ठेवायचं, चिरताना शेजारी उभं करायचं, सिमला मिरची मधून कापली की आत पोकळ असते याचंच त्यांना केवढं कौतुक. हे सगळं त्या आठ-दहा वेळांमध्ये मोजलं जातं. बुफेत तीच मिरची ग्रिल होऊन आली तेव्हा थोरला म्हणाला, ही आपल्या टोपलीतली.

तिसरं, हॉटेलात फोन करून विचारून घ्या. किती वर्षांपर्यंत मुलं फुकट, किती वर्षांपर्यंत अर्धे पैसे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. लहान मुलांसाठी उंच खुर्ची आहे का, बिनतिखट काय मिळेल, शाकाहारी काउंटर वेगळं आहे का, पोराला ॲलर्जी असेल तर शेफशी बोलता येईल का. आजी-आजोबा बरोबर असतील तर कॅलेंडर बघा, आमचं एकदा नेमकं संकष्टीला बुकिंग झालं होतं. एवढं पुरे.

ॲलर्जीबद्दल मात्र जरा थांबते, कारण आपल्याकडे हे हसण्यावारी नेतात. आपण दाण्याचं कूट सगळ्यात घालतो म्हणून पोरांना शेंगदाणा चालतो की नाही ते बहुतेक घरांत कळलेलं असतं, पण बुफेतल्या पदार्थांत काय लपलंय ते कळत नाही. साते म्हणून काडीला लावलेलं चिकन किंवा पनीर येतं त्याचा सॉस शेंगदाण्याचा असतो. हमस, म्हणजे काबुली चण्याच्या चटणीत, तिळाची पेस्ट असते. बकलाव्यात पिस्ता, अक्रोड. सोया सॉसमध्ये सोयाबीन आणि बहुतेक वेळा गहू. थाई करीच्या वाटणात बऱ्याचदा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते आणि किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या कोरियन लोणच्यात, माशाचा सॉस, म्हणून भाज्यांची करी दिसली तरी शाकाहारी माणसाने विचारूनच घ्यावी. आम्ही एकदा एका ठिकाणी गेलो होतो तिथे अर्ध्या पदार्थांपुढे पाट्याच नव्हत्या आणि वाढणाऱ्या मुलालाही माहीत नव्हतं, तिथे सासूबाई नुसता दहीभात खाऊन उठल्या. तेव्हापासून मी आत शिरल्या शिरल्या शेफला गाठते, दोन मिनिटांत सगळं विचारून घेते, आणि ते लोक खरंच मनापासून सांगतात.

जायच्या दिवशी उपाशी नेऊ नका. बुफेला जायचं म्हणून सकाळपासून पोट रिकामं ठेवायची आपली जी पद्धत आहे ती मोठ्यांपुरती ठेवा. भुकेलेलं मूल चिडचिडं होतं, आणि चिडलेलं मूल नवीन काही तोंडात घालत नाही, ते फक्त ओळखीचं मागतं आणि ते पण आत्ताच्या आत्ता. साडेदहाला अर्धी पोळी किंवा केळं द्या. आणि उघडायच्या वेळेला पोहोचा. रविवारचे बुफे बहुतेक साडेबाराला सुरू होतात, आम्ही कोथरूडहून साडेअकराला निघालो आणि बारा पंचवीसला दारात होतो. त्या वेळी भांडी भरलेली असतात, चमचे एकमेकांत मिसळलेले नसतात, गर्दी नसते, लाइव्ह काउंटरवरच्या शेफला बोलायला वेळ असतो, आणि पोरांची रोजची जेवायची वेळही तीच असते. दीड-दोन वाजता गेलं की सगळं उलटं. टेबल शक्यतो कोपऱ्यातलं मागा, काउंटरच्या रस्त्यातलं नको, गरम सूप घेऊन लोक जात असतात.

बसल्या बसल्या वेलकम ड्रिंक येतं, रंगीत, गोड, छत्री लावलेलं. तिथेच अर्धं पोट भरतं. आम्ही सांगून ठेवलं होतं की ते शेवटी आणा. सूप आणि ब्रेडचंही तसंच. आणि ज्या ठिकाणी टेबलातच शेगडी असते, कबाब येत राहतात, तिथे तर तुम्ही थांबवेपर्यंत येतच राहतात, तिथे पहिल्या फेरीनंतर स्वतःहून थांबवा नाहीतर पोरं बटाटा आणि कॉर्नवरच संपतात, पुढचं काही दिसतच नाही त्यांना. शिवाय शेगडी तापलेली असते, लहान मूल तिच्यापासून लांबच्या खुर्चीवर.

मग पहिली फेरी, रिकाम्या हाताने. ताट घ्यायचंच नाही. गणपतीत आपण कसे देखावे बघत फिरतो, बाप्पा बघायचे, रोषणाई बघायची, पुढच्या मंडळाकडे जायचं, तसं सगळ्या काउंटरवरून फिरायचं. धाकटीला कडेवर घ्या, कारण तिच्या उंचीवरून तिला फक्त टेबलाचं कापड दिसतं. झाकण उघडताना मूल लांब धरा, आतली वाफ सरळ तोंडावर येते. भांडीही कडेला खूप तापलेली असतात. फिरताना "हे खाणार का" असं विचारायचं नाही. विचारायचं, "हे आपल्या घरातल्या कशासारखं दिसतंय?"

हा नातेवाईक शोधायचा खेळ आमच्याकडे एवढा रंगला की भाचा पार मांसाहारी काउंटर विसरून आमच्यामागे आला. डिमसम म्हणजे वाफवलेला तिखट मोदक, हे धाकटीनेच सांगितलं, पाऱ्या पण मोदकासारख्याच असतात बघ म्हणाली. तेंपुरा म्हणजे भजी. फलाफल म्हणजे काबुली चण्याचा वडा. कुसकुस म्हणजे मोकळा सांजा. रिसोटो म्हणजे मऊ गुरगुट्या भात, चीज घातलेला. रॅविओली म्हणजे सारण भरलेली वरणफळं. टोफू पनीरचा चुलतभाऊ, फक्त दूध गाईचं नाही, सोयाबीनचं. कच्च्या पपईचं थाई सॅलड म्हणजे कोशिंबीर, पण ती तिखट असते हं, पोरांना देऊ नका. पानाकोटा म्हणजे खरवसासारखं लुसलुशीत. बकलावा आणि चिरोटा तर शेजारी ठेवले तर सख्खे वाटतील, तसेच पदर, तसाच पाक. मुलाला नवीन पदार्थाची भीती असते ती अनोळखीपणाची असते, ओळख करून दिली की अर्धं काम होतं. पण एक सांगते, खोटं सांगू नका. टोफूला पनीर म्हणून खाऊ घातलं आणि त्याला कळलं, की पुढच्या वेळी तो खऱ्या पनीरवरही विश्वास ठेवणार नाही. सारखं आहे म्हणा, तेच आहे म्हणू नका.

फेरी झाल्यावर प्रत्येकाने तीन गोष्टी निवडायच्या. एक अगदी ओळखीची, एक नातेवाईक, एक पूर्ण अनोळखी. ताट मुलानेच धरायचं, मोठ्याने चिमट्याने वाढायचं, लहान ताट मागा, डेझर्टचं असतं ते चालतं. थोरल्याने स्वतः शेफला विचारलं, "काका, यात मिरची किती आहे?" त्यांनी चमच्यावर सॉसचा एक थेंब घालून त्याला चाखायला दिला. तो थेंब त्याने एवढ्या गंभीरपणे चाखला, डोळे मिटून, मग मान हलवली आणि म्हणाला, थोडं चालेल. घरी हा मुलगा लाल रंग दिसला की ताट सरकवतो.

सुशीचं काउंटर आलं तेव्हा मात्र तिघंही मागे सरले. काळं काहीतरी गुंडाळलेलं. मी पण काही बोलले नाही. सासूबाई पुढे झाल्या, पाटी वाचली, शेफला विचारलं "यात मासा नाही ना बाळा? चाकू वेगळा आहे?", तो म्हणाला, "काकडीचा रोल आहे आजी, व्हेजचा बोर्ड पण वेगळाच आहे." त्यांनी एक तुकडा घेतला, ताटात डावीकडे ठेवला, आणि टेबलावर येऊन तो तुकडा बोटांनी फिरवून फिरवून बघितला. म्हणाल्या, "ही तर सुरळीच्या वडीची बहीण, आत भात भरलाय एवढंच." मग अर्धा खाल्ला. चावत राहिल्या. तिघं पोरं त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "समुद्राचा वास येतो ग थोडा, पण वाईट नाही," असं म्हणून त्यांनी दुसरा अर्धा तुकडा ताटात ठेवला आणि तो धाकटीने उचलला. मी किंवा नवऱ्याने दिला असता तर तिने घेतला नसता हे मी लिहून देते. आजीच्या ताटातला घास वेगळाच असतो. तर मोठ्यांनी आधी खावं, मुलांसमोर, शांतपणे, आणि खरं काय लागलं ते सांगावं. नुसतं "यम्मी यम्मी" केलं की पोरांना शंका येते.

सुशी काउंटरवर अजून दोन गोष्टी सांभाळा. पाच वर्षांखालच्या मुलांना कच्चा मासा देऊ नये, अर्धकच्चं अंडंही नाही. सुशी म्हणजे कच्चा मासाच असं काही नसतं, काकडीचा, अव्होकाडोचा, गोडसर ऑम्लेटचाही रोल असतो, तो द्या. आणि तिथे पोपटी रंगाचा गोळा ठेवलेला असतो तो वसाबी. पोरांना ती पिस्त्याची बर्फी किंवा पुदिन्याची चटणी वाटते. फेसलेली मोहरी कशी सरळ नाकात जाते तसं ते जातं, दहापट. तो मोठ्यांच्याच ताटात राहू द्या, आणि मुलांना आधीच दाखवून ठेवा.

बाकी सांभाळायचं म्हणजे, गरम पदार्थ खरंच वाफाळत असले पाहिजेत आणि थंड पदार्थ खरंच बर्फावर असले पाहिजेत, नियम असा आहे की गरम 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड 5 अंशांच्या खाली ठेवावं. कोमट वाटलं तर मुलांना देऊ नका, विशेषतः मेयोनीज घातलेलं सॅलड, मासे, क्रीमचे पदार्थ, मे महिन्यात तर नाहीच. शेफला सांगितलं की ताजं करून देतात. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष, अख्खा चेरी टोमॅटो, अख्खे बदाम-काजू देऊ नका, घशात अडकतात, द्राक्ष उभं चिरून द्या. बसूनच खायचं, हातात घेऊन पळत पळत नाही.

आता गोड. चॉकलेटचं कारंजं आमच्या टेबलावरून सरळ दिसत होतं. "आधी ते डावीकडचं संपव मग चॉकलेट" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, मी गिळलं. कारण असं म्हटलं की डावीकडचं शिक्षा होतं आणि चॉकलेट बक्षीस, आणि शिक्षा कुणाला आवडते? आम्ही आधीच सांगितलं होतं की प्रत्येकाला गोडाची एक छोटी वाटी, कधी खायची ते तुम्ही ठरवा, दुसरी नाही. भाच्याने सुरुवातीलाच संपवली आणि नंतर जेवला, नीट जेवला. धाकटीने शेवटपर्यंत जपून ठेवली आणि निम्मी आईस्क्रीम वितळली. दोन्ही ठीक. नवऱ्याला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, पण त्या दिवशी तो काही बोलला नाही, ते महत्त्वाचं.

आणि काहीच नाही खाल्लं तर? तर दहीभात. बहुतेक बुफेंत साधा भात, दही, ब्रेड-बटर, फळं, साधा पास्ता हे मिळतंच. मूल उपाशी राहणार नाहीये. दहीभात खाणाऱ्या पोराला "एवढ्या लांब येऊन दहीभातच खातोस" असं म्हणू नका, तो दहीभात खात खात आजूबाजूचं बघत असतो, आणि ते बघणंही मोजलं जातं. मेतकुटाची छोटी डबी मी पर्समध्ये ठेवते, विचारून वापरते, आत्तापर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही.

पुण्याबाहेर सुट्टीला जाणार असाल, केरळ, गोवा, बँकॉक कुठेही, तर माझं ऐका आणि रात्रीच्या मोठ्या बुफेपेक्षा हॉटेलच्या सकाळच्या नाश्त्याच्या बुफेवर भर द्या. तो बहुतेक वेळा खोलीच्या भाड्यात असतो त्यामुळे पैसे वसूलचं भूत डोक्यावर नसतं, सकाळी पोरं ताजी असतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तेच पदार्थ तीन-चार दिवस रोज समोर येतात. कोचीला आम्ही चार दिवस होतो. पहिल्या दिवशी थोरल्याने पुट्टू नुसता बघितला, तांदळाच्या पिठाची आणि खोबऱ्याची ती पांढरी नळकांडी. दुसऱ्या दिवशी बोटाने भुगा केला. तिसऱ्या दिवशी केळं कुस्करून दोन घास खाल्ले. चौथ्या दिवशी स्वतः जाऊन घेऊन आला. एका जेवणात हे कधीच झालं नसतं.

एक गंभीर गोष्ट पण लिहायलाच हवी. नखरे वेगळे आणि त्रास वेगळा. मूल मोजकेच पदार्थ खात असेल आणि ती यादी दिवसेंदिवस कमी होत असेल, वजन वाढत नसेल, घास गिळताना रोज उमासे येत असतील, शाळेत किंवा वाढदिवसाला गेल्यावर अन्नाच्या भीतीने रडत असेल, तर बुफे वगैरे बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खाणं टाळण्याचा असा एक विकार असतो, आर्फिड म्हणतात त्याला, 2013 सालापासून मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याची वेगळी नोंद आहे, आणि त्यावर मदत मिळते. अशा मुलाला शिस्तीने सुधारता येत नाही, कृपया प्रयत्नही करू नका.

आणि वेळेत निघा. आम्ही दोनच्या आत बाहेर होतो. मुलाची सहनशक्ती साधारण तास-सव्वा तास असते, त्यानंतर ते टेबलाखाली जातं. मोठ्यांना अजून खायचं असेल तर एकाने बाहेर फिरवून आणा, आळीपाळीने.

घरी आल्यावर थांबू नका, चव जिभेवर आहे तोवर आठवड्याच्या आत एक पदार्थ घरी करा. आम्ही डिमसम केले, मोदकाचीच उकड काढली, त्यात मीठ जरा जास्त, सारण म्हणून कोबी-गाजर बारीक किसून, पाणी पिळून काढून, तेलावर आलं-लसणाबरोबर परतून आणि थोडं मीठ-मिरपूड घालून. पाणी पिळायला विसरलात तर पारी फुटते. पोरांनी स्वतः पाऱ्या पाडल्या, वाकड्यातिकड्या, मोदकपात्रात 10-12 मिनिटं वाफवले. धाकटीने एक उजवीकडे ठेवला.